मान लावणारा डबा

हातातला चहा आधी संपवून टाका. नंतर हसताना नाकातून आला तर मला बोल लावायचा नाही! कारण आज जो घोळ सांगतोय तो दुसऱ्या कुणाचा नाही, माझा आहे. आणि तो मी भर दुपारी, स्वतःच्या ओसरीत, पूर्ण शुद्धीत असताना घातला.

तुम्ही म्हणाल, दत्तूशेठ, तुम्ही तर लोकांना घोळात घालणारे! बरोबर आहे. मखमलाबादमध्ये माझ्या तावडीतून सुटलेला माणूस शोधून दाखवा. शाळा मी सातवीत सोडली असं मी सांगतो. खरं तर शाळेनेच मला सोडलं आणि मास्तरांनी त्या दिवशी पेढे वाटले. तेव्हापासून गुलाबाचा मळा, टोमॅटो आणि खोड्या एवढंच माझं शिक्षण.

मला एक पोरगा आणि एक पोरगी. पोरगी म्हणजे मंजू. गंगापूर रोडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती, शेवटचं वर्ष. तिच्यासाठी मी एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. घरात त्याचं नाव 'डबा'. तो ओसरीत टेबलावर बसायचा, आणि त्याच्यावर माझ्या बायकोने हळदीकुंकवाच्या दिवशी कुंकू लावलं होतं ते शेवटपर्यंत निघालं नाही.

तर मंजूला पुण्याच्या एका कंपनीने नोकरीला बोलावलं. परीक्षा झाली की या, म्हणाले. पोरगी हवेत! पण आमचं घर एकत्र, आणि घरात शब्द चालतो माझ्या थोरल्या भावाचा. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. दादांनी 'हूं' म्हटल्याशिवाय आमच्या घरातलं मांजरसुद्धा उंबरा ओलांडत नाही. आणि दादा म्हणाले, "पुण्याला? एकटी? त्या डब्यासमोर टकटक करून पोटं भरतात का कुणाची? नाय म्हंजे नाय."

पोरीने दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. आणि इथे मी मध्ये पडलो. पडायची गरज होती का? नव्हती. पण गप्प बसलो तर मी दत्तू कसला!

त्याच महिन्यात माझ्या पोराचं लग्न होतं. आता लग्न म्हटलं की आमच्याकडे खरी परीक्षा नवरानवरीची नसते, माईकवाल्याची असते. टोपी-टॉवेल-नारळ देऊन सत्कार करायचा, आणि नावं माईकवरून पुकारायची. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, यावरून आमच्या भावकीत माणसं न जेवता उठून गेलीत हो! माझा स्वतःचा साडू मागच्या लग्नात स्कूटरला किक मारून घरी गेला, का तर त्याच्या आधी ट्रॅक्टरवाल्याचं नाव घेतलं.

मी दादांना म्हणालो, "दादा, मंजूचा डबा मान लावून देतो. माणसं घाला, रांग तयार! कुणी रुसायचं कामच नाही. यंत्राने सांगितल्यावर कोण कुणावर रुसणार?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं ते सांगतो. त्यांच्या मुलीच्या, सुमनच्या लग्नात मी माईक हातात घेऊन 'जिलबी संपत आली' एवढंच बोललो होतो. अख्खा मांडव जेवणाकडे पळाला. स्टेजवर उरले नवरा, नवरी आणि भटजी. भटजींचाही एक पाय पायरीवर होता. त्यानंतर दादा माझ्याशी बोलले ते थेट पुढच्या द्राक्षांच्या छाटणीला.

"दत्त्या," दादा म्हणाले, "यात तुझं काय हाय का?"

"शप्पथ नाही! सगळं मंजूचं."

"मग ठीक. एक बी पाव्हणा न रुसता कार्य झालं, तर जाऊ दे तिला पुण्याला. आधी घरच्यावर चालवून दाखवा. येत्या रविवारी. शांताला आन् जावयाला बी बोलावतो." शांता म्हणजे आमची ओझरची बहीण.

मंजूला सांगितलं तर ती खूश व्हायची सोडून कपाळावर हात मारून बसली. "आप्पा! मला न विचारता?"

"अगं, तूच ते रांग लावायचं शिकतेस ना?"

"सॉर्टिंग, आप्पा."

"तेच ते."

ती जे शिकत होती त्या भाषेचं नाव जावा. त्या नावावरून जेवढे विनोद सुचतात तेवढे मी पहिल्याच दिवशी करून मोकळा झालो होतो, आणि मंजूने तेव्हा आठवडाभर अबोला धरला होता, म्हणून तुम्ही सुटलात.

तिने मला समजावून सांगितलं. आणि मला समजलंही, हसू नका! साधी यादी म्हणजे आधी पाट मोजून मांडलेली पंगत. जास्त माणूस आला की उभा. आणि तिची ती 'अॅरे लिस्ट' म्हणजे सतरंजी. आला पाहुणा की सरकून घ्या, पंगत लांबत जाते. मग रांग लावायची तर यंत्र एका टोकाकडून निघतं. फक्त शेजारशेजारचे दोघे बघतं. मागचा मोठा असला तर दोघांची अदलाबदल. मग पुढचे दोघे, मग त्याच्या पुढचे. टोकाला गेलं की पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीत एकही अदलाबदल झाली नाही की म्हणतं, झाली रांग.

"एवढंच?" मी म्हणालो. "हे तर मी बाजार समितीत टोमॅटोचं करतो."

"हो, पण मोठा कोण हे यंत्राला कळत नाही. तो नियम आपण द्यायचा. मी वय घालते. सरळ काम."

इथे, बरं का, इथेच मी माझ्या पायावर धोंडा पाडला.

"वय?" मी म्हणालो. "मंजे, मान काय वयावर असतो? आपल्या सुमनचे विलासराव केवढे, आणि दादा केवढे! तरी धोंड्याच्या महिन्यात दादांनी त्यांना पाटावर बसवलं, वाण दिलं, आणि पाया पडले. का? जावई! नियम मी सांगतो. पाया कोण कुणाच्या पडतं ते बघ. ज्याच्या पाया पडतात तो वर, जो पडतो तो खाली. यापेक्षा सोपं काय?"

मंजूने मान हलवली. "आप्पा, नियम सरळ पाहिजे हं. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा, दुसरा तिसऱ्यापेक्षा मोठा, तर पहिला तिसऱ्यापेक्षा मोठा असलाच पाहिजे."

"असतोच की! नसायला काय झालं?"

किती ठामपणे म्हणालो सांगू! टेबलावर हातसुद्धा आपटला. डबा हलला.

आता जे सांगतो ते नीट ध्यानात ठेवा. दादांची सुमन आम्ही परक्यात दिली नाही. आमच्या सख्ख्या बहिणीच्या, शांताआक्काच्या घरात दिली, ओझरला. आक्का दादांपेक्षा लहान, माझ्यापेक्षा मोठी. तिचा मुलगा विलास, विमानाच्या कारखान्यात नोकरीला. म्हणजे विलास दादांचा भाचा होता, आणि लग्नानंतर झाला जावई. कळलं? चांगलं. मला मात्र तेव्हा कळलं नव्हतं.

रविवार उजाडला. ओसरीत खुर्च्या मांडल्या. दादा धोतर-टोपी घालून बसले, जणू डबा त्यांनाच बघायला आलाय. ओझरची मंडळी अजून यायची होती. मी म्हणालो, चला, तोवर एकदा चालवून बघू. मंजूने नावं विचारली. पहिलं मी माझंच घातलं. का नाही घालणार? मग दादा, मग आक्का, मग विलासराव.

यंत्र विचारायला लागलं. पडद्यावर दोन नावं यायची, मंजू वाचायची, "दत्तू आणि दादा. पाया कोण पडतं?"

"मी," मी म्हणालो. मी एक पायरी खाली.

"दत्तू आणि आक्का?"

"मीच." आणखी खाली.

"दत्तू आणि विलासराव?"

"पडतो बाबा, जावई आहे तो घराचा." मी तळाला! पहिलं घातलेलं नाव भराभर घरंगळत गेलं. मंजूची आई स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून हसत होती.

मग दादा आणि आक्का. आक्का पडते. आक्का आणि विलासराव. आईच्या पाया मुलगा पडतो. पुन्हा एक फेरी, काही हललं नाही. रांग तयार. दादा, आक्का, विलासराव, मी.

दादा पुढे सरकले, चष्मा लावला. आपलं नाव वर बघून मिशीवरून हात फिरवला. "पोरगी हुशार हाय," म्हणाले.

मंजूच्या चेहऱ्यावर पुणे दिसायला लागलं हो! आणि तेवढ्यात?

लाईट गेली.

आमच्याकडे तेव्हा लाईट जायची नाही, मधूनमधून यायची. पडदा काळा. "जाऊ दे," मी म्हणालो, "आली की दिसेल."

"नाही दिसणार आप्पा. ती यादी लाईट असेपर्यंतच राहते. पुन्हा नावं घालावी लागतील."

"मग घालू! त्यात काय?"

जेवणं झाली, ओझरची मंडळी आली, आणि लाईटही आली. आक्का हौशी. "मंजू, मला दाखव ना गं काय केलंस. नावं मी सांगते हं." आणि बघा बाईचा मोठेपणा! "आधी आमच्या विलासचं घाल, जावयाचा मान पहिला. मग माझं घाल, मग दादाचं. दत्तूचं शेवटी."

"शेवटी का?" मी म्हणालो.

"तुझी सवय मोडू नये म्हणून."

मंजूने विचारलं, "विलासभाऊ आणि आत्या. पाया कोण पडतं?"

विलासराव हसत म्हणाले, "मीच की. आई आहे ती." आक्का वर गेली.

"विलासभाऊ आणि दादा?"

दादा स्वतःच म्हणाले, "जावयाचा मान मोठा. मी पडतो." मोठ्या मनाने म्हणाले. विलासराव जागच्या जागी राहिले.

"दादा आणि आप्पा?" हे कुणी विचारायचीही गरज नव्हती. रांग तयार झाली आणि मंजूने वाचली, "आत्या. विलासभाऊ. दादा..."

आणि तिने पडद्यावरची नावं बोटाने पुन्हा मोजली.

"कितवा?" दादांनी विचारलं.

"तिसरे."

"सकाळी मी पहिला हुतो."

"हो..."

"जेवायला उठलो तेवढ्यात दोन पायऱ्या खाली आलो?"

आक्काचा चेहरा तर बघण्यासारखा होता. तोंडाने म्हणत होती, "अगं बाई, मला कशाला वर बसवलं!" आणि हात आपोआप पदर सावरत होते. गालात हसूही होतं. दादांनी ते हसू बघितलं.

"दत्त्या!"

"मी नाही! मी इकडे सुपारी कातरतोय!"

"जिलबीच्या टायमाला बी तू सुपारीच कातरतोय म्हणाला हुता!"

आयुष्यात पहिल्यांदा मी काही केलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच कुणाचा विश्वास बसत नव्हता. शप्पथ घेतली तर म्हणाले, तुझ्या शपथेला आता देव बी हसतो. बायकोकडे बघितलं तर ती म्हणाली, "अहो, कबूल करून टाका ना, पोरीचं नुकसान होतंय." घ्या! घरच्या माणसाचा आधार!

मंजू कागदावर काहीतरी लिहून बघत होती. तिला वाटलं तिचंच चुकलं. डोळ्यांत पाणी. "बरोबर लिहिलंय, आप्पा. तीन वेळा तपासलं. मग असं कसं?"

दादा उठले. सरळ भिंतीपाशी गेले आणि बटण बंद केलं.

"दादा! तसं बंद नाही करायचं!" मंजू ओरडली.

"गप. आता माझ्यासमोर, माझ्या बोटानं. दत्त्या, तू अंगणात जा. शांता, तू बी बोलू नको."

मी अंगणात, तुळशीपाशी उभा. म्हणजे पोराच्या लग्नाचा यजमान स्वतःच्या घराबाहेर! डबा पुन्हा चालू झाला. नावं सांगितली दादांनी. पहिलं कुणाचं? स्वतःचं! दाबून सांगितलं. मग विलासराव, मग आक्का, आणि मी. अंगणात उभा असलो तरी शेवटी मी होतोच.

"दादा आणि विलासभाऊ," मंजूने वाचलं. "पाया कोण पडतं?"

दादा घुटमळले. मला खिडकीतून दिसत होतं. बोट वर, बोट खाली. खोटं बोलावं तर समोर जावई बसलेला, वाण घेतलेला. "मी," ते म्हणाले, आणि बटण दाबलं. जावई वर.

"दादा आणि आत्या?"

"ती पडते."

"आत्या आणि आप्पा?"

"तो पडतो. सगळ्यांच्या पडतो तो."

रांग तयार. विलासराव, दादा, आक्का, मी.

विलासराव हळूच म्हणाले, "मामा, मी घरी जाऊ का?"

"बसा!" दादा गरजले. मग खिडकीकडे वळले. "दत्त्या, बाहेरून तू वायर हलवली!"

"कोणती वायर दादा? मी तुळशीला धरून उभा आहे!"

"मग तीन खेपेला तीन राजे कसे झाले?"

आणि तेव्हा मंजू हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलवून. आम्हाला वाटलं, पोरगी गेली कामातून.

"दादा, डबा बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. आप्पांचा नियम गोल आहे!"

"गोल म्हंजे?"

"चला अंगणात. दाखवते."

तिने तिघांना तुळशीपाशी उभं केलं. "दादा, मघाशी तुम्ही ज्याच्या पाया पडता म्हणालात, त्याच्या पडा." दादा वाकले, विलासरावांच्या पायाशी. "मामा, नको नको!" करत विलासराव मागे सरले. "भाऊ, आता तुम्ही ज्याच्या पडता त्याच्या." विलासराव आक्काच्या पायाशी. "आत्या, आता तू." आक्का वाकली दादांच्या पायाशी. दादा सरळ होत होते, त्यांच्या गुडघ्याला आक्काचं डोकं लागलं, त्यांचा तोल गेला आणि ते पुन्हा विलासरावांच्या पायावर! विलासराव घाबरून पुन्हा आईच्या पायावर! आई पुन्हा भावाच्या! असे तिघे तुळशीभोवती वाकत फिरायला लागले, थांबायला कुणी तयार नाही. आधी थांबला तो मानाला चुकला ना!

रस्त्यावरून आमचा शेजारी गवताचा भारा घेऊन चालला होता. भारा खाली ठेवून विचारतो, "दत्तूशेठ, आज कोणता सण?"

"माझ्या अकलेचं वर्षश्राद्ध," मी म्हणालो. "तू जा."

मंजूने सांगितलं ते असं. दादा आक्कापेक्षा वर, आक्का विलासरावांपेक्षा वर, आणि विलासराव पुन्हा दादांपेक्षा वर. टोकच नाही. यंत्र बिचारं शेजारच्या दोघांनाच विचारतं. दोघं शेजारी आले नाहीत तर विचारतच नाही. आक्काच्या वेळी ती आणि दादा एकमेकांसमोर आलेच नाहीत, मध्ये जावई उभे! म्हणून ज्या क्रमाने नावं घालाल तसा राजा बदलणार. आणि हे तिने मला आधी सांगितलं होतं. टेबलावर हात कुणी आपटला होता? मी!

दादा बाजेवर बसले. दम लागला होता. टोपी काढून मांडीवर ठेवली. मंजू समोर उभी, हसू पार विरलेलं. कबूल केलं होतं काय, की कुणी रुसणार नाही. आणि इथे चार माणसांत तीन रुसलेले. बोलायची हिंमत कुणाची? मी म्हणालो, "दादा, चूक माझी आहे. पोरीवर राग..."

"तू गप."

गप झालो.

"मंजे," दादा म्हणाले, "तीन खेपेला वर कोण ते बदललं. खरं ना?"

"हो दादा."

"आन् खाली?"

मंजूने माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घातली, पण तिचे खांदे पुन्हा हलायला लागले.

"बोल की. मीच घातलं, शांतानं घातलं, त्यानं सोताचं नाव पयलं घातलं. तरी खाली कोण?"

"आप्पा."

"तिन्ही खेपेला?"

"तिन्ही खेपेला."

दादांनी टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली. "जो डबा ह्या दत्त्याला तिन्ही खेपेला बरोबर वळखतो, तो खोटा नाय. पोरीचं शिक्षण पक्कं हाय." मग आक्काकडे वळून म्हणाले, "शांते, पोरीची पुण्याची ब्याग भरायला घ्या."

मंजू रडतच दादांच्या पाया पडली. मग आत्याच्या, मग विलासभाऊंच्या. मी आपला पाय जरा पुढे करून तयार उभा होतो. पोरगी नाकडोळे पुसत थेट घरात पळाली, आईला सांगायला.

आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "दत्तू, पाय मागे घे. रांग संपली."